बादशहाचे चार दरवाजे आणि परटाचें एक दार

शास्त्रभाग : प्रकटी. ३:७-१३, योहान १०:७-१०



पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटला अध्याय आपल्या परिचयाचा आहे. वृद्ध प्रेषित तुरुंगांत आहे, सोबती एकेक करून दूर गेले आहेत, आणि कोण कोणीकडे गेला हें तो सांगत आहे. त्यांत तीत दालमतियास गेल्याचा एक लहानसा उल्लेख आहे. आपण तो वाचतों आणि पुढें जातों. आज मात्र तेथें थोडें थांबूं या. दालमतिया म्हणजे इटली देशाच्या पूर्वेस, आद्रिया समुद्राच्या पलीकडचा किनारा. हल्लीं त्याचा बहुतेक भाग क्रोएशिया देशांत मोडतो. ह्या किनाऱ्यावर स्प्लिट नांवाचें शहर आहे, आणि त्या शहराच्या पोटांत एका रोमी बादशहाचा सतराशें वर्षांपूर्वींचा राजवाडा आहे. त्याच्या भिंतींच्या आंत आजहि माणसें राहतात, दुकानें मांडतात, खिडक्यांतून कपडे वाळत घालतात. १९७९ सालीं युनेस्को ह्या संस्थेनें त्याची गणना सर्व जगाच्या वारशांत केली, आणि देशोदेशींचे प्रवासी त्याचे चार दरवाजे पाहावयास जातात. आपणहि मनानें त्या दरवाज्यांपाशीं जाऊं. नुसतें दगडांचें आश्चर्य करण्यासाठीं नव्हे, तर दार उघडणारा कोण आणि बंद करणारा कोण, हा प्रश्न तेथें उभें राहून विचारण्यासाठीं.

हा वाडा बांधणारा बादशहा डायोक्लेशियन. तो ह्याच प्रांतांत, सालोना नगराच्या आसपास, सामान्य कुळांत जन्मला. शिपाईगिरी करीत तो वर चढला आणि इ. स. २८४ सालीं गादीवर बसला. शास्त्रांत ज्या गादीला कैसराची गादी म्हटलें आहे तीच ही. त्याच्यापूर्वींच्या पन्नास वर्षांत कित्येक कैसर आपल्याच लोकांच्या तरवारीनें मेले होते. डायोक्लेशियन कष्टाळू व कर्तबगार होता. त्यानें विस्कटलेलें राज्य सांवरलें, सरहद्दी बळकट केल्या, आणि कारभाराचा भार चौघां राज्यकर्त्यांत वांटला. परंतु राज्य टिकावयाचें तर जुन्या देवतांची सेवा सर्वांनीं केलीच पाहिजे, अशी त्याची समजूत होती. २३ फेब्रुवारी ३०३ रोजीं निकोमेदिया नगरांतील ख्रिस्ती उपासनामंदिर त्याच्या हुकमानें पाडण्यांत आलें, आणि दुसऱ्याच दिवशीं जाहीरनामा लागला. मंदिरें जमीनदोस्त करावीं, शास्त्रें जाळावीं, ख्रिस्ती लोकांचे हुद्दे व मान काढून घ्यावे, असा तो हुकूम होता. मागाहून मंडळीच्या पाळकांना व बिशपांना तुरुंगांत घालण्याचे हुकूम निघाले, आणि ३०४ मध्यें तर सर्व प्रजेनेंच देवतांना अर्पण करावें असें फर्मान सुटलें.

हीं मंदिरें पडत होतीं त्याच वर्षांत बादशहाचा वाडा उभा राहत होता. १ मे ३०५ रोजीं डायोक्लेशियननें आपण होऊन राज्य सोडलें. त्या काळीं ही मोठी नवलाची गोष्ट होती. मग सालोनापासून तीन-साडेतीन मैलांवर, समुद्राच्या कांठीं, आपल्या नव्या वाड्यांत तो विसांवा घेण्यास आला.

तो विसांवा कसा होता तें पाहा. वाडा सुमारें ७०० फूट लांब व ६०० फूट रुंद. समोरच्या ब्राच बेटांतून आणलेला पांढरा दगड, सोळा बुरूज, आणि मिसर देशाहून आणवलेल्या नरमुखी सिंहांच्या मूर्ति. म्हाताऱ्या माणसाचें राहतें घर, पण त्याची बांधणी किल्ल्याची. चारी बाजूंस मिळून दरवाजे अवघे चार. आज त्यांना सोन्याचा, रुप्याचा, लोखंडाचा व पितळेचा दरवाजा म्हणतात. परंतु तीं नांवें मागाहून पडलीं. मूळचीं नांवें नुसतीं उत्तर, पूर्व, पश्चिम व दक्षिण अशीं होतीं, आणि दरवाजे सगळे दगडाचेच आहेत. लोक दगडाला सोनें म्हणूं लागले म्हणजे दगड सोन्याचा होत नाहीं, एवढा धडा त्या नांवांतूनहि घेण्याजोगा आहे.

उत्तरेचा तो सोन्याचा दरवाजा. सालोनाहून येणारा रस्ता येथें पोंचे, म्हणून हा सर्वांत मानाचा. वरच्या भागांत कोनाडे आहेत. पूर्वीं त्यांत पुतळे असत, आज ते रिकामे आहेत. हा दरवाजा दुहेरी आहे. बाहेरचें दार ओलांडून आलें म्हणजे चारी बाजूंनीं भिंती असलेला एक लहानसा चौक लागतो, आणि त्यापुढें दुसरें दार. शत्रु पहिलें दार फोडून आंत शिरलाच तर ह्या चौकांत कोंडून वरून त्याचा समाचार घ्यावा, अशी ही योजना. आपल्याकडील जुन्या गढीच्या दरवाज्यापाशीं पहारेकऱ्यांची देवडी असते ना, तशी येथें दरवाज्याच्या माथ्यावर पहाऱ्याची एक अरुंद वाट काढलेली आहे.

पूर्वेचा रुप्याचा दरवाजा कित्येक शतकें बुजवून टाकलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा मोकळा करण्यांत आला. आज त्याच्या बाहेर भाजीबाजार भरतो. पश्चिमेचा लोखंडाचा दरवाजा मात्र आजतागायत वापरांत आहे. त्याच्या वरच्या पट्टीवर पूर्वीं जयदेवतेची आकृति होती. पुढें ख्रिस्ती लोकांनीं तिच्या जागीं क्रूस कोरला. दक्षिणेचा पितळेचा दरवाजा सर्वांत लहान. पूर्वीं समुद्राचें पाणी वाड्याच्या भिंतीला लागे, आणि नावेंतून उतरणारा मनुष्य ह्या दरवाज्यानें तळघरांत शिरे. तें प्रशस्त कमानींचें तळघर पुढें शतकानुशतकें शहराच्या केरकचऱ्यानें भरून गेलें होतें, तें विसाव्या शतकांत उपसून साफ केलें.

आतां, बंधुभगिनींनो, ह्या चार दरवाज्यांना विचारा : ज्यासाठीं तुम्हांला बांधलें तें काम तुम्हीं केलें काय?

बादशहानें म्हातारपणीं बाग केली. त्यानें पुन्हा राज्य हातीं घ्यावें अशी विनंती झाली असतां, आपल्या हातांनीं लावलेल्या कोबीचें कौतुक सांगून त्यानें ती नाकारली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ती ऐकून बरें वाटतें. परंतु त्याच काळांतली दुसरी एक गोष्ट त्या वेळचा ख्रिस्ती ग्रंथकार लॅक्टॅन्शियस यानें लिहून ठेविली आहे. डायोक्लेशियनच्या बायकोचें नांव प्रिस्का व मुलीचें व्हॅलेरिया. छळाच्या आरंभीं सर्वांत आधीं त्यानें ह्या दोघींनाच देवतांना अर्पण करावयास भाग पाडलें, असें हा ग्रंथकार सांगतो. व्हॅलेरियाचा नवरा गलेरियस हाहि कैसर होता. तो ३११ सालीं वारला. मग पूर्वेकडील दुसऱ्या एका कैसरानें तिला मागणी घातली, आणि तिनें नकार देतांच तिची मालमत्ता हिरावून तिला व तिच्या आईला सिरिया प्रांतांत दूर घालवून दिलें. बापानें स्प्लिटच्या वाड्यांतून निरोपावर निरोप पाठविले. माझी मुलगी मला परत द्या, एवढेंच त्याचें मागणें होतें. ज्याच्या एका शब्दानें कोण्या काळीं अर्धें जग हाले, त्याचें हें मागणें कोणीं ऐकलें नाहीं. तो मुलीची वाट पाहत पाहतच मेला. पुढें त्या दोघी मायलेकी वेष पालटून दारोदार भटकल्या, आणि सुमारें ३१५ सालीं थेस्सलनीका नगरांत ओळखूं येऊन मारल्या गेल्या.

सोळा बुरूज होते. दुहेरी दरवाजा होता. पहारे होते. पण ज्या एका माणसानें त्या दारांतून आंत यावें म्हणून बापाचा जीव तळमळत होता, तिला तें दार आंत आणूं शकलें नाहीं. आणि मरण बाहेर राहावें म्हणून जो बंदोबस्त केला होता, त्याला न जुमानतां मरण आंत आलें. त्याचा आपण उपहास करूं नये. तो आपला छळकर्ता होता, तरी मुलीसाठीं कष्टी झालेला बापहि होता. परंतु ज्यानें हजारों घरांतील बाप, लेक व भाऊ ओढून नेववले, त्याच्या घरचें दुःख त्या राजवाड्याच्या दरवाज्यानें अडलें नाहीं, हें आपण विसरूं नये.

आतां राजवाडा सोडून सालोना नगरांत चला. ३०४ चें साल आहे. ह्या नगरांत अनास्तासियस नांवाचा एक मनुष्य राहतो. लोकरीचें कापड धुणें, तुडवणें आणि पांढरेंशुभ्र करणें हा त्याचा धंदा. आपण ज्याला परीट म्हणतों त्याच्या जवळचा. परंपरा अशी सांगते कीं तो समुद्रापलीकडील अक्विलेया नगरच्या चांगल्या घराण्यांतला होता. परंतु आपल्या हातांनीं काम करावें हा पौलाचा बोध मनावर घेऊन त्यानें हा धंदा पत्करला. छळ सुरू झाला, पुष्कळांनीं आपलीं शास्त्रें लपविलीं, पुष्कळ स्वतः लपले. अनास्तासियसनें मात्र आपल्या घराच्या दारावर उघडपणें क्रूस काढला.

येथें आपणांस मिसर देशांतली ती रात्र आठवते. इस्राएल लोकांनीं दाराच्या चौकटीला कोंकराचें रक्त लाविलें, आणि नाश करणारा त्या घरांवरून निघून गेला. पण ह्या परटाच्या दारावरील खुणेनें उलटेंच झालें. ती खूण पाहून नाश करणारे थांबले आणि आंत शिरले. त्याला धरून नेलें, आणि गळ्यांत दगड बांधून पाण्यांत बुडविलें. एका सधन ख्रिस्ती बाईनें त्याचें शव मिळवून त्यास मूठमाती दिली, अशी परंपरा आहे. त्याच वर्षीं सालोनाचा बिशप डोम्नियस यालाहि मारण्यांत आलें.

तर मग त्या खुणेचा उपयोग काय झाला? हा प्रश्न आपल्यांतील पुष्कळांच्या मनांत येतो, आणि तो दाबून टाकणें बरें नव्हे. क्रूस हा ताईत नव्हे. तो दारावर काढला म्हणून ताप, कर्ज आणि शेजाऱ्याचा राग उंबरठ्याबाहेर थांबतील, असें वचन प्रभूनें कोणासहि दिलेलें नाहीं. अनास्तासियसला तें ठाऊक असलें पाहिजे. आपला जीव वांचावा म्हणून त्यानें ती खूण काढली नाहीं. हें घर कोणाचें आहे हें कळावें म्हणून काढली. बादशहाच्या दरवाज्यावर कोरलेलें सांगत होतें, मी कोणाला आंत येऊं देणार नाहीं. परटाच्या दारावर काढलेलें सांगत होतें, माझ्या घरांत आधींच कोणी येऊन राहिला आहे. पहिल्या दाराला पहारा लागतो. दुसऱ्याला लागत नाहीं, कारण जें गमावण्याची भीति असते तें त्या घरच्या मालकानें आधींच दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेलें असतें.

पुढें काय झालें तें इतिहास सांगतो. ३११ सालीं मरणोन्मुख गलेरियसनेंच छळ थांबविण्याचा हुकूम काढला. ३१३ मध्यें मिलान येथें दोघां कैसरांनीं ख्रिस्ती लोकांना धर्माची मोकळीक देण्याचें ठरविलें. मग तीनशें वर्षें गेलीं. सातव्या शतकांत आवार व स्लाव्ह टोळ्यांनीं सालोना उध्वस्त केलें. घरदार गमावलेले लोक आसरा शोधीत निघाले, आणि ह्या जुन्या वाड्याच्या भिंतींआड येऊन राहिले. ज्यांना बाहेर ठेवण्यासाठीं दरवाजे होते, अशा गरीब माणसांनींच तो वाडा वसविला, आणि तेंच आजचें स्प्लिट शहर. बादशहानें स्वतःसाठीं बांधलेलें अष्टकोनी थडगें ख्रिस्ती मंदिर झालें आणि त्याला बिशप डोम्नियसचें नांव मिळालें. बृहस्पति देवाचें देऊळ बाप्तिस्म्याची जागा झालें. पहाऱ्याच्या त्या अरुंद वाटेंत, सोन्याच्या दरवाज्याच्या माथ्यावर, एक लहानसें उपासनामंदिर झालें. तें अवघें साडेपांच फूट रुंद व सुमारें तेहतीस फूट लांब आहे. लोखंडाच्या दरवाज्यावरहि तसेंच मंदिर आहे. डायोक्लेशियनची शवपेटी कोठें गेली तिचा पत्ता नाहीं. आणि त्याच्याच थडग्याच्या वास्तूंत, १४४८ सालीं यूराय दालमातिनाक ह्या शिल्पकारानें घडविलेली एक वेदी आहे, तिला नांव अनास्तासियस परटाचें आहे.

हें ऐकून आपलें मन हर्षानें भरतें, आणि तें योग्य आहे. परंतु येथें सावध राहा. बादशहाचा वाडा मंडळीच्या ताब्यांत आला म्हणजे देवाचें राज्य आलें, असें समजूं नका. दगडाचा ताबा बदलणें सोपें आहे. दाराचा स्वभाव बदलणें कठीण. मंडळीच्या हातीं किल्ल्या आल्यावर तिनेंहि पुष्कळदां लोकांना बाहेर ठेविलें आहे. सोन्याच्या दरवाज्याच्या बाहेर आज नीनच्या ग्रेगरी बिशपाचा मोठा पुतळा उभा आहे. इव्हान मेश्त्रोविच ह्या शिल्पकारानें तो १९२९ सालीं घडविला. दहाव्या शतकांत लोकांच्या स्वतःच्या भाषेंत उपासना चालावी म्हणून हा बिशप आपल्याच वडील धर्माधिकाऱ्यांशीं भांडला, अशी त्याची आठवण लोक सांगतात. परकी भाषा हेंहि एक बंद दार असतें. मातृभाषेंत शास्त्र वाचणारे आपण तें चांगलें जाणतों. आणि लोकांचें नवल पाहा. येणारे-जाणारे त्या पुतळ्याच्या पायाचा अंगठा नशीब उघडावें म्हणून चोळतात, आणि तो चकचकीत झाला आहे. ज्यानें लोकांचे कान उघडावेत म्हणून खटपट केली, त्याचा लोकांनीं पाय धरला.

म्हणून, उपदेशक बंधूंनो आणि मंडळीच्या वडिलांनो, आपण आपापल्या दारांकडे पाहूं या.

पहिलें दार घराचें. आपल्यांत कांहीं जण असे आहेत कीं ते रविवारीं प्रार्थनेला येतात, आणि सोमवारीं गांवांत कोणी विचारलें तर गप्प बसतात. त्यांच्या भीतीचा आपण धिक्कार करूं नये. पाणवठा, सोयरीक आणि मजुरी हे प्रश्न खरे आहेत, आणि ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें उपाशी माणसाला धैर्याचे धडे देऊं नयेत. परंतु ज्याचें एक दार प्रभूला व दुसरें दार भीतीला उघडें आहे, त्याच्या घरांत कोणालाच स्वस्थ बसतां येत नाहीं. दारावर रंगानें खूण काढलीच पाहिजे असें मी म्हणत नाहीं. त्या घरांत भांडण झालें असतां क्षमा आधीं कोण मागतो, सुनेला कसें वागवितात, उधार घेतलेलें परत करतात कीं नाहीं, ह्यावरून गांवाला तें घर कोणाचें तें वाचतां येतें.

दुसरें दार उपासनामंदिराचें. तें दुहेरी तर नाहीं ना? बाहेरचें दार सर्वांना उघडें, आणि आंत चौकांत कोंडून माणसाची पारख करावयाची, तुझें कूळ कोणतें, तूं उशिरा कां आलास, तुझा बाप मागें काय बोलला होता, असें तर होत नाहीं ना? प्रभूनें स्वतःला मेंढरांचें दार म्हटलें, आणि त्या दारानें आंत जावें, बाहेर यावें आणि चारा मिळावा, असें सांगितलें. त्या दाराला देवडी नाहीं. मंडळींतून रागावून गेलेला भाऊ ह्या आठवड्यांत परत आला, तर त्याला दुसरें दार लागूं नये.

तिसरें दार अंतःकरणाचें. तें आंतूनच उघडतें. प्रभु बाहेर उभा राहून ठोकीत आहे असें प्रकटीकरणाचा तोच अध्याय पुढें सांगतो. तो कैसराचा शिपाई नव्हे. तो दार फोडीत नाहीं. ज्याच्यापुढें स्प्लिटचे चारी दरवाजे अडसरासह निरुपयोगी ठरले, तो आपल्या झोंपडीच्या ताटीपाशीं थांबून वाट पाहतो.

फिलदेल्फिया येथील मंडळीला प्रभूनें निरोप पाठविला, त्यांत तिचें सामर्थ्य थोडें आहे हें त्यानें मान्य केलें. आणि तिच्यापुढें आपण उघडलेलें दार कोणाच्यानें बंद करवणार नाहीं, हें अभय दिलें. बादशहानें आपल्या सर्व साम्राज्यांतील उपासनामंदिरांचीं दारें बंद केलीं. आज त्याच्याच दरवाज्याच्या माथ्यावर मंदिर आहे. परटाला पाण्यांत बुडविलें. त्याचें नांव बादशहाच्या थडग्यांत कोरलें गेलें. सामर्थ्य थोडें असलेल्या मंडळ्यांनो, तुम्ही कोणाच्या दाराआड उभे आहां ह्याचा आज विचार करा, आणि जें दार त्यानें उघडलें आहे त्यांतून आंत या. आणि आंत आल्यावर मागून येणाऱ्यासाठीं तें उघडेंच असूं द्या.

प्रभु आपल्या घरांस व मंडळ्यांस ही कृपा देवो. आमेन.